लाकडाचा स्वभाव आणि विक्रेत्याची अमानत

थंड हवेच्या ठिकाणी आणि कोकणच्या किनाऱ्यावर ओंडक्यांच्या कॉटेजची हौस वाढली आहे. जमीनमालक परदेशातील एखाद्या घराचे छायाचित्र मिस्त्रीपुढे ठेवतो आणि अगदी असेच घर पाहिजे म्हणून सांगतो. मिस्त्री होकार देतो, वखारवाला माल पाठवतो आणि चार महिन्यांत घर उभे राहते. पहिल्या पावसात दारे अडकू लागतात. पहिला उन्हाळा सरला की दोन ओंडक्यांमध्ये बोट जाईल एवढी फट दिसते. दुसऱ्या वर्षी खालच्या ओंडक्यात वाळवी शिरते. मग मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री वखारवाल्याकडे बोट दाखवतो आणि वखारवाला म्हणतो, "लाकूड आहे, ते हलणारच."

आमच्या मते वखारवाल्याचे हे वाक्य अगदी खरे आहे, आणि म्हणूनच ते सबब म्हणून चालणार नाही. लाकूड हलते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते विक्रीच्या वेळी सांगितले पाहिजे, तक्रार आल्यावर नव्हे. आपले अनेक वाचक वखार, सॉ मिल, सुतारकाम, फर्निचर आणि पॉलिशच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठीच हा विषय आम्ही आज घेतला आहे.

लाकूड का हलते?

तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते. एक पेशींच्या पोकळीत मोकळे, आणि दुसरे पेशींच्या भिंतीत मुरलेले. मोकळे पाणी निघून जाते तेव्हा लाकूड हलके होते, पण आकाराने कमी होत नाही. ओल साधारण 25 ते 30 टक्क्यांवर आली की भिंतीतील पाणी निघू लागते आणि तेथून लाकूड आटायला लागते. हे आटणे सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीत ते नगण्य, म्हणजे साधारण 0.1 ते 0.2 टक्के असते. गाभ्याकडून सालीकडे ते त्याहून बरेच जास्त असते. वार्षिक वलयांच्या दिशेने ते सर्वांत जास्त, म्हणजे बहुधा गाभ्याच्या दिशेपेक्षा दीडपट ते दुप्पट असते.

या एका गोष्टीतून पुढची सगळी दुखणी निघतात. अखंड ओंडका वाळताना घेरात जास्त आणि त्रिज्येत कमी आटतो, म्हणून तो सालीकडून गाभ्यापर्यंत उभा फाटतो. ही चीर हा मालातला दोष नाही, तो लाकडाचा स्वभाव आहे. परदेशातील जाणते कारागीर ओंडक्याच्या वरच्या अंगाला करवतीने मुद्दाम एक खाच घेतात, म्हणजे चीर तेथेच पडते आणि वरचा ओंडका तिला झाकतो. अंगावरची वर तोंड केलेली चीर पावसाचे पाणी धरून ठेवते आणि सडण्याची सुरुवात तेथूनच होते. ज्या झाडाचे तंतू पिळाचे असतात, त्याचा ओंडका वाळताना पिळतो आणि कोपऱ्याचा सांधा उचकटतो. असा ओंडका भिंतीत घालू नये, कापून लहान कामाला वापरावा.

भिंत खाली बसते

ओंडक्यांची भिंत आडवी रचलेली असते, म्हणून प्रत्येक ओंडक्याचे आटणे उंचीत जमा होत जाते. ओल्या ओंडक्यांच्या भिंतीसाठी दर फुटामागे पाऊण इंचापर्यंत उतार धरावा, असा उत्तर अमेरिकेतील ओंडकाघरे बांधणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. त्या हिशेबाने आठ फुटांची भिंत सहा इंचांपर्यंत खाली येऊ शकते. खांब मात्र उभा असतो आणि लांबीत तो आटत नाही. भिंत बसते, खांब तसाच राहतो आणि छप्पर खांबावर अडकून वाकडे होते. म्हणून तेथे खांबाखाली फिरवण्याचा स्क्रू-जॅक बसवतात आणि भिंत बसेल तसा तो उतरवत जातात. दार-खिडकीच्या चौकटीवर मोकळी जागा सोडून ती फळीने झाकतात. नळ आणि धुराडे भिंतीला घट्ट जखडत नाहीत.

आपल्याकडे छायाचित्र पाहून घर बांधले जाते. छायाचित्रात ना स्क्रू-जॅक दिसतो, ना चौकटीवरची मोकळी जागा. तेथे नक्कल होते ती दिसणाऱ्या घराची. घर टिकवणारी विद्या त्या चित्रात नसते.

जातीजातीचा फरक

आता जातीचा प्रश्न. अमेरिकेच्या वनखात्याची लाकूडविषयक पुस्तिका या धंद्यात प्रमाण मानली जाते. तिच्यात ओल्यापासून पूर्ण सुक्या स्थितीपर्यंतचे आटणे दिले आहे. साग वलयाच्या दिशेने 5.8 टक्के आणि गाभ्याच्या दिशेने 2.5 टक्के आटतो. पश्चिमी लाल सीडरचे आकडे 5.0 आणि 2.4 आहेत. डग्लस फरचे 7.6 आणि 4.8, तर पांढऱ्या ओकचे 10.5 आणि 5.6 आहेत. प्रत्यक्ष वापरात लाकूड पूर्ण सुकत नाही, म्हणून यांतील साधारण निम्मे आटणे धरले तरी फरक केवढा पडतो ते पाहा. बारा इंच जाडीचे दहा ओंडके रचले तर केवळ आटण्याने डग्लस फरची भिंत सुमारे पावणेचार इंच आणि सीडरची सव्वादोन इंच उतरेल. वजनाने सांधे दबतात ते वेगळेच.

टिकाऊपणाचाही असाच फरक आहे. सागाचा, सीडरचा आणि देवदाराचा गाभा कीड आणि बुरशीला दाद देत नाही, कारण त्यात झाडाने स्वतःच साठवलेली द्रव्ये असतात. पाइनचे आणि स्प्रूसचे लाकूड उघड्यावर औषधाशिवाय टिकत नाही. एक गोष्ट मात्र सर्व जातींना लागू आहे. सालीलगतचा फिकट भाग कोणत्याही झाडाचा टिकाऊ नसतो. सागाचा पांढरा भागही वाळवी खाते. गिऱ्हाइकाला 'साग' म्हणून दिलेल्या चौकटीत अर्धा भाग पांढरा असेल, तर नाव खरे आणि माल खोटा असे होते.

आपल्या मातीतील लाकडांचेही स्वभाव वेगवेगळे आहेत. ऐन मजबूत आणि जड आहे, पण घाईने वाळवला तर तडकतो. त्याला सावली आणि सबुरी हवी. शिवण हलकी असून आकार चांगला धरून ठेवते. फणसाचा पिवळा गाभा दारे-खिडक्यांना चांगला, पण तोही वाळवूनच घ्यावा. आंबा स्वस्त आणि कामाला सोपा आहे, मात्र औषध दिल्याशिवाय त्याला भुंगा आणि डाग लवकर लागतात. रबराच्या झाडाचे लाकूड तोडल्यावर ताबडतोब बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया मागते.

नावांचा गोंधळ

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशांनंतर देशातील जंगलतोडीवर कडक बंधने आली. ब्रह्मदेशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून आपल्या वखारींत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा साग, न्यूझीलंडचा पाइन आणि मलेशियाची लाकडे जास्त दिसतात. कांडला बंदर आणि गांधीधामच्या गिरण्या या आयातीचे मोठे केंद्र आहेत.

परदेशी माल वाईट असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. न्यूझीलंडचा पाइन औषध चांगले शोषून घेतो आणि योग्य जागी उत्तम काम देतो. पण नावे सरळ असली पाहिजेत. 'आफ्रिकन टीक' या नावाने इरोको हे वेगळ्याच कुळातील लाकूड विकले जाते. इरोको चांगले लाकूड आहे, पण तो साग नव्हे. लागवडीचा कोवळा साग हा खराच साग असतो, पण जुन्या जंगली सागाइतका गाभा त्यात नसतो. गिऱ्हाइकाला हे सांगितले तर तो कदाचित तोच माल घेईल, फक्त भाव समजून घेईल.

काश्मीरचा धडा

ओंडक्यांचे बांधकाम ही केवळ युरोप-अमेरिकेची विद्या आहे असे समजणाऱ्यांनी काश्मीरकडे पाहावे. तेथील जुन्या मशिदी आणि खानकाहांच्या भिंती देवदाराचे ओंडके आडवे-उभे रचून, विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडत केलेल्या आहेत. झेलमच्या काठावरील शाह हमदान यांची खानकाह-ए-मौला प्रथम 14व्या शतकाच्या अखेरीस सुलतान सिकंदर यांच्या काळात बांधली गेली आणि आगीनंतर 18व्या शतकात पुन्हा उभी राहिली. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे 370 हून अधिक खांब आहेत. काही खांब तर जवळपास 48 फूट उंच आहेत.

या इमारती का टिकल्या? कारागिरांनी कैल किंवा फर न घेता देवदार निवडला. लाकूड मातीला लागू दिले नाही, दगडी जोत्यावर ठेवले. छप्पर उतरते आणि बाहेर आलेले ठेवले. त्यात भूर्जपत्राचे थर घालून वर माती टाकली, म्हणजे पाणी आत उतरत नसे. श्रीनगरला वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी तेथे एवढी खबरदारी घेतली गेली. महाबळेश्वरला तर 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे ओंडका थेट काँक्रीटच्या लादीवर टेकवणे आणि छप्पर भिंतीच्या कडेला संपवणे म्हणजे घर बांधतानाच त्याच्या सडण्याची सोय करणे होय. जमिनीपासून निदान दीड फूट जोते आणि भिंतीबाहेर भरपूर आलेली पाखाडी या दोन गोष्टींचे काम कोणतेही पॉलिश करू शकत नाही.

लाकडाचा दुसरा शत्रू आग आहे, हेही काश्मीरच शिकवते. जामा मशीद अनेकदा जळाली. 1995 साली चरार-ए-शरीफ, 2012 साली दस्तगीर साहिबचा दर्गा आगीत गेला आणि 2017 साली खानकाह-ए-मौलाच्या कळसाला आग लागली. लाकडी घरात वीजजोडणीची काटकसर करणारा मिस्त्री गिऱ्हाइकाच्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालतो.

ओल लपवणे आणि माप मारणे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लाकडाच्या बाजारातील सर्वांत मोठी लपवाछपवी ओलीची आहे. सागाचे घनमान ओल्यापासून पूर्ण सुके होईपर्यंत सुमारे 7 टक्के घटते. 15 टक्के ओलीपर्यंत वाळवला तरी 100 घनफूट ओल्या सागाचे साडेशहाण्णव घनफूटच उरतात. ओला माल वाळलेल्याच्या भावाने विकला, तर मोजपट्टी कितीही सरळ धरली तरी साडेतीन घनफुटांचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. कुरआनच्या 83 व्या सूरहचे नावच मापात कमी देणाऱ्यांवरून पडले आहे, हे आपण नमाजात ऐकतो. बाजारात गेल्यावर ते विसरून कसे चालेल?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालून पाहतात, तर वर कोरडे आणि आत ओले. विचारल्यावर विक्रेता सांगतो की पावसाने भिजले. तेव्हा प्रेषित (सल्ल.) त्याला विचारतात की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावतात. धान्य भिजले यात त्या विक्रेत्याचा दोष नव्हता, पाऊस अल्लाहच्या हुकमाने पडतो. दोष होता तो ओल झाकण्यात. लाकडाच्या व्यापाऱ्यासाठी याहून स्पष्ट शिकवण कोणती असू शकेल? त्याचा तर सगळा माल ओल आणि कोरडेपणा यांवरच तोलला जातो.

अडचण खरी आहे

आमचे काही व्यापारी बांधव म्हणतात, "आम्ही खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या वखारीत जाईल. माल वर्षभर वाळत ठेवायचा तर भांडवल अडकते, आणि बँकेचे व्याज आम्हाला नको." ही अडचण खोटी नाही. लहान धंदेवाल्याला ती उपदेश करून सुटणारी नाही. म्हणून काही मार्ग सुचवावेसे वाटतात.

पहिला, दोन भाव उघड लावावेत, एक ओल्याचा आणि एक वाळलेल्याचा. पावतीवर जात, मूळ देश आणि ओलीचा टक्का लिहावा. ज्याला स्वस्त हवे तो ओला नेईल, पण जाणून नेईल. मग तक्रार घेऊन परत येणार नाही.

दुसरा, चार-सहा लहान मिस्त्री आणि वखारवाल्यांनी भागीदारीत, म्हणजे मुशारकेच्या तत्त्वावर, एक सामाईक शेड करावी. भट्टीची गरज लगेच नाही. जमिनीपासून उंच ओटा, वर छप्पर, फळ्यांच्या प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, आणि टोकांना डांबर किंवा मेणाचा लेप. एवढ्यावर फळ्या चांगल्या वाळतात. अखंड जाड ओंडक्याला मात्र कित्येक वर्षे लागतात. तेवढा वेळ नसेल तर बसण्याचा हिशेब धरूनच बांधावे.

तिसरा, ज्यांना आगाऊ रक्कम घ्यावी लागते त्यांच्यासाठी शरियतने सलमचा मार्ग ठेवला आहे. त्यात पूर्ण किंमत करार करतानाच दिली जाते आणि मालाची जात, माप, दर्जा व देण्याची मुदत आधी ठरते. वाळलेल्या लाकडाला हा व्यवहार फार योग्य आहे. गिऱ्हाइकाला रास्त भाव मिळतो आणि विक्रेत्याला बिनव्याजी भांडवल. तयार दारे-खिडक्या बनवून देण्याच्या कामाला इस्तिस्नाचा करार आहे. दोन्हींच्या अटी आपल्या भागातील उलेमांकडून नीट समजून घ्याव्यात.

चौथा, ओल मोजण्याची सवय लावावी. ओलमापक यंत्र काही हजार रुपयांत मिळते. तेही नसेल तर लाकडाचा छोटा तुकडा तोलावा, 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. 600 ग्रॅमचा तुकडा 500 ग्रॅम झाला, तर गेलेल्या 100 ग्रॅमला सुक्या 500 ने भागावे. ओल 20 टक्के निघाली. भारतीय मानक 287 ने हवेच्या दमटपणावरून देशाचे चार भाग पाडून कोणत्या कामाला किती ओल चालेल ते ठरवून दिले आहे. कोकणात पावसाळ्यात लाकूड 18 ते 20 टक्क्यांवर राहते, तर मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ते 6-7 टक्क्यांपर्यंत उतरते. रत्नागिरीत बेतलेले दार सोलापूरला पाठवायचे असेल, तर हे गणित आधीच मांडले पाहिजे. पॅनेलचे दार असेल तर पॅनेल खाचेत मोकळे ठेवावे, सरसाने चिकटवू नये. त्याला हलायला जागा दिली की ते फाटत नाही.

पाचवा, औषधाबाबतही खरे सांगावे. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया छपराखाली चांगली, पण उघड्या पावसात ती धुऊन जाते. आर्सेनिक असलेल्या औषधाचे लाकूड बाहेर टिकते, पण त्याचे तुकडे चुलीत जाळू नयेत, धूर विषारी असतो. कारखान्यातील पोरांनी ते तुकडे सरपणाला घरी नेऊ नयेत, याची जबाबदारी मालकाची आहे.

विश्वास गेला तर धंदा जाईल

1993 साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या बांधकामांत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. ती 2020 साली उठली. दरम्यानच्या काळात ॲल्युमिनियम, पोलाद आणि यूपीव्हीसीने चौकटींची बाजारपेठ काबीज केली. सरकारी बंदी हे एक कारण झाले. पण खासगी घरमालकावर तर कोणतीच बंदी नव्हती. त्याने लाकूड का सोडले? कारण त्याची दारे अडकली, फळ्या वाकल्या आणि सागाच्या नावाखाली त्याला भलतेच काही मिळाले. आता लाकडाकडे लोक पुन्हा वळत आहेत. ही संधी जर ओल्या मालाने आणि खोट्या नावांनी घालवली, तर नुकसान एका वखारीचे होणार नाही. रंधा आणि पटाशीवर पोट असलेल्या शेकडो कारागिरांची रोजी त्यात जाईल.

सुतारकाम हा हलका धंदा नाही. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. हजरत नूह (अलै.) यांची नौका फळ्या आणि खिळ्यांची होती, हे कुरआनने सांगितले आहे. ज्या धंद्याला नबींच्या हातांचा मान आहे, त्यात ओल झाकून विकणे शोभत नाही. खरे बोलून आणि दोष दाखवून केलेल्या व्यवहारात बरकत असते, आणि लपवून केलेल्या व्यवहारातून ती काढून घेतली जाते, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. लाकूड आपला स्वभाव सोडणार नाही. ते आटेल, फुगेल, फाटेल. आपण सुधारायचा आहे तो आपला स्वभाव. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी आणि सच्चा व्यापार नशिबी करो. आमीन.